पहिल्या पानापासूनच कशाला?

आमची सूनबाई नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात मराठी बायबल होते. तिला परके वाटू नये म्हणून मी मोठ्या उत्साहाने जाहीर केले, "मीही हे वाचणार!" आणि ग्रंथ म्हणजे पहिल्या पानापासून, या आपल्या सवयीने सुरुवात केली. ‘उत्पत्ती’ रंगली, ‘निर्गम’चा पूर्वार्धही भराभर संपला. पुढे ‘लेवीय’ आले. अर्पणांचे, शुद्धाशुद्धतेचे नियमच नियम! माझी खूण तीन महिने तिथून हलली नाही. सूनबाई काही बोलली नाही, पण तिला ती दिसत होतीच. मलाच ओशाळल्यासारखे झाले.

शेवटी तीच म्हणाली, "आई, हे एक पुस्तक नाही हो, पुस्तकांचं कपाट आहे." खरेच होते. प्रॉटेस्टंट परंपरेत ६६ पुस्तके, कॅथलिक परंपरेत ७३. कथा, कायदे, इतिहास, काव्य, पत्रे. सारी शेकडो वर्षांच्या काळात लिहिलेली. मांडणीही काळानुसार नाही. नव्या करारात शुभवर्तमाने आधी छापतात, पण पौलाची पत्रे त्यांच्या आधीची, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मग पहिल्या पानाचा हट्ट कशाला?

तिने मला आधी ‘रूथ’ वाचायला दिले. अवघे चार अध्याय. विधवा सासूला एकटे न सोडता तिच्या मुलखात आलेली परदेशी सून दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून दोघींचे पोट भरते. सरवा म्हटल्याबरोबर मला माझ्या गावच्या, कापणीनंतर रानात वाकून कणसे वेचणाऱ्या बायका आठवल्या.

मग ‘मार्क’, १६ अध्यायांचे, चारांतले सर्वांत लहान शुभवर्तमान. पाठोपाठ ‘लूक’ आणि ‘प्रेषितांची कृत्ये’, कारण दोन्ही एकाच लेखकाची मानली जातात. नंतर मागे वळून ‘उत्पत्ती’, ‘निर्गम’. ‘राजे’ वाचताना शेजारी ‘आमोस’ ठेवावे, म्हणजे संदेष्टा कोणावर चिडला आहे ते कळते. रोज एक स्तोत्र. १५० आहेत, पाच महिन्यांची सोय. ‘प्रकटीकरण’ अगदी शेवटी.

आणि ‘लेवीय’? तेही वाचले. एकोणिसाव्या अध्यायात थबकले. शेतात पडलेली कणसे मालकाने उचलू नयेत, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावीत, असा नियम तिथे आहे. हाच तर रूथचा सरवा! शेजाऱ्यावर स्वतःइतकीच माया करण्याची आज्ञाही त्याच अध्यायात. ‘मार्क’मध्ये येशूच्या तोंडून ती मी आधीच ऐकली होती.

क्रम बदलणे म्हणजे सोयीचे तेवढे वाचणे, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. वगळायचे काहीच नाही. आधी माणसे भेटू द्यावीत, नियम मागाहून. घरात आलेल्या नव्या माणसाचेही तसेच. पहिल्याच दिवशी रीतिरिवाजांची यादी पुढे केली, की खूण तिथेच अडकते.