मदत कुणी शोधायची?

"मदत उपलब्ध आहे, फक्त ती शोधली पाहिजे," असे एक वाक्य अलीकडे फार ऐकू येते. स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या वृद्धांच्या कुटुंबीयांना ते डॉक्टर ऐकवतात, कचेरीतले कारकून ऐकवतात आणि मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवर भेटणारे हितचिंतकही ऐकवतात. वाक्य खोटे नाही. परंतु ज्या घराला उद्देशून ते उच्चारले जाते त्या घराची स्थिती ध्यानात घेतली, म्हणजे त्यातला निष्ठुरपणा दिसू लागतो. ज्या सुनेला रात्रीतून तीन वेळा उठून सासऱ्यांना अंगणातून आत आणावे लागते, एकच प्रश्न दिवसातून चाळीस वेळा ऐकून चाळीस वेळा त्याचे उत्तर द्यावे लागते, तिनेच दुपारी फोन घेऊन बसावे, योजनांची माहिती काढावी, तलाठ्याकडे हेलपाटे घालावेत आणि मुंबईच्या रुग्णालयांचे वार लक्षात ठेवावेत, अशी आपली अपेक्षा आहे. जिच्याजवळ श्वास घ्यायला उसंत नाही तिच्यावरच शोधाचे ओझे! आमचे म्हणणे सरळ आहे. हे शोधण्याचे काम त्या कुटुंबाचे नाही. ते धर्मग्रामाचे आहे, आणि धर्मग्राम ते करीत नाही.

स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपणाचा विसरभोळेपणा नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. बाजारातून काय आणायचे ते विसरणे निराळे आणि ज्या बाजारात पन्नास वर्षे भाजीची टोपली घेऊन बसलो तिथून घरी यायची वाट विसरणे निराळे. आलॉइस आल्झायमर ह्या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली ह्या विकाराचे वर्णन प्रथम विद्वानांपुढे मांडले. आज त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा आजार हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार हे दुसरे. आपल्या देशात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीने साठी ओलांडलेल्या दर शंभर भारतीयांपैकी सातांहून अधिक जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज वर्तविला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. ज्या धर्मग्रामात साठीपुढची हजार माणसे आहेत तिथे, ढोबळ हिशेबाने, सत्तर घरांत हा आजार असला पाहिजे. वाचकहो, आपापल्या गावातील अशी दहा घरे तरी आपल्याला सांगता येतील काय? उरलेली कुठे आहेत?

ती दाराआड आहेत. आजीला वेड लागले असे गावात पसरले तर नातीचे लग्न जमणार नाही, ह्या धाकाने आहेत. कित्येक घरांत खोलीला बाहेरून कडी लावावी लागते. कडी लावणाऱ्या हाताला दोष देण्याची आमची इच्छा नाही, कारण तो हात रात्रभर जागलेला असतो. काहींना अजूनही वाटते की ही बाधा आहे. मग आजारी माणसाला ह्या प्रार्थनासभेतून त्या प्रार्थनासभेला नेले जाते आणि मोठ्या आवाजाने, गर्दीने भांबावलेला तो जीव अधिकच बिथरतो. प्रार्थनेवर आमचा विश्वास आहे, हे आम्ही वेगळे सांगायला नको. पण डॉक्टरांकडे आधी गेले पाहिजे, आणि त्याला ठोस कारण आहे. थायरॉईडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, खोल उदासीनता ह्यांमुळेही स्मृती मंदावते, आणि ह्या गोष्टींवर उपचार आहेत. एकाएकी भ्रम झाला तर साधा मूत्रमार्गाचा संसर्गही त्याला कारण असू शकतो. जे गोळीने बरे होईल त्यासाठी सहा महिने सभा फिरणे ह्याला श्रद्धा म्हणत नाहीत.

आता ती "उपलब्ध" मदत काय आहे ते पाहू. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक २०२१ पासून देशभर चालू आहे. सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत तिथे माहिती आणि मार्गदर्शन मिळते. मनःस्वास्थ्यासाठी १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे, तो रात्रंदिवस चालतो आणि मराठीतही बोलता येते. शुश्रूषा करणारी मुलगी स्वतःच खचली असेल तर तिलाही तिथे बोलता येते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ साली केरळात सुरू झाली आणि तिच्या शाखा आता अनेक शहरांत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली शुश्रूषा करणाऱ्यांसाठी 'आय-सपोर्ट' नावाचा विनामूल्य शिक्षणक्रम तयार केला. मुंबईच्या केईएम आणि नायर ह्या पालिकेच्या रुग्णालयांत तज्ज्ञ डॉक्टर नाममात्र शुल्कात तपासतात.

कागदावर हे सारे चांगले दिसते. पण पहाटे वसई रोडला लोकलच्या गर्दीत, आपण कुठे चाललो आहोत हे ज्याला कळत नाही अशा माणसाचा हात धरून चढायचे, आणि मधल्याच स्थानकात तो "मला घरी जायचे आहे" म्हणून दाराकडे धावू लागला तर त्याला आवरायचे, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच ह्या नाममात्र शुल्काची खरी किंमत माहीत आहे. सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार २०२४ च्या ऑक्टोबरपासून लागू झाले. निर्णय स्तुत्य आहे. पण तो रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण वर्षानुवर्षे घरीच असतो. त्याला भरवणाऱ्या, धुणाऱ्या, त्याच्यामागे धावणाऱ्या माणसाला ह्या पाच लाखांतून एक तासाची विश्रांती मिळत नाही. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन २०२३ साली दरमहा १,५०० रुपये झाले, परंतु त्यासाठी कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत असावे लागते. एवढ्या उत्पन्नात जगणारे कुटुंब कसे दिसते हे नियम करणाऱ्यांनी एकदा आम्हांला दाखवावे!

म्हणजे जे आहे ते विखुरलेले आहे, आणि ज्याची सर्वांत अधिक गरज आहे ते कुठेच नाही. ती गरज म्हणजे दुसऱ्या माणसाचे दोन तास. औषधांनी हा आजार बरा होत नाही; काहींना थोडा काळ थोडा आराम पडतो. बाकी सारे उपचार माणसाच्या हातांचे आहेत. हे हात सरकार पाठवू शकणार नाही. पाठवले तरी अनोळखी हातांना आपली आजी घाबरेल. आणखी एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो. ह्या आजारात शेवटी शिकलेले आधी जाते आणि आधी शिकलेले पुष्कळदा शेवटपर्यंत टिकते. शाळेतली मराठी, नोकरीतली इंग्रजी विरून जाते आणि बालपणीची सामवेदी किंवा वाडवळी उरते. मुंबईहून पैसे देऊन आणलेल्या परिचारिकेला ती कळत नाही. शेजारच्या अळीतल्या मावशीला कळते. मुलाचे नाव विसरलेली कितीएक माणसे जपमाळेचे मणी हातात येताच 'नमो मरिया' न अडखळता म्हणतात. असे साहाय्य कुठल्या संस्थेत विकत मिळणार? ते ह्या गावातच आहे, आणि फुकट आहे.

'फुकट' ह्या शब्दाशीच काही जणांचे भांडण आहे. "आम्ही वाडीवाले, कुणाचे फुकटचे घेत नाही," असा ताठा आमच्या समाजात आहे, आणि एरवी तो आम्हांला आवडतोही. पण कोकणात शेतीची कामे सावडीने होत. आज माझ्या शेतावर तुम्ही, उद्या तुमच्या शेतावर मी. लग्नघरी मांडव घालायला अळीतली माणसे आली तर त्याला कुणी भीक म्हटले काय? लग्नाच्या मांडवाला जो न्याय तो आजाऱ्याच्या खाटेला का नसावा?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो धर्माचे नाव घेऊन येतो. आईबापांचा मान राखणे ही चौथी आज्ञा आहे, ती मुलांनी पाळावी. चर्चने मध्ये पडले तर मुले जबाबदारी झटकतील, असे काही धार्मिक मंडळी म्हणतात. ही आज्ञा व्यासपीठावरून नेहमी सुनांना उद्देशून का सांगितली जाते, हा प्रश्न आम्ही तूर्त बाजूला ठेवतो. सिराकच्या बोधग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात पित्याच्या वार्धक्यात त्याला सांभाळावे, त्याची बुद्धी ढळली तरी त्याच्याशी सौम्यतेने वागावे, अशी शिकवण आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी त्या लेखकाला हा आजार घराघरांत दिसला होता, हे उघड आहे. पण सौम्यता ही झोप झालेल्या माणसाला जमते. ज्याला तीन महिने सलग झोप नाही त्याच्याकडून सौम्यतेची अपेक्षा करणे आणि त्याला झोप मात्र मिळू न देणे, हा कुठला धर्म? जे मुलगे कॅनडात किंवा आखातात बसून सणाला पैसे पाठवतात आणि फोनवरून शुश्रूषेतल्या चुका काढतात, त्यांना चौथी आज्ञा अवश्य ऐकवावी. जी मुलगी घरात राहून ती पाळते आहे तिला आज्ञा नको, माणूस हवे आहे.

"हा देवाने दिलेला क्रूस आहे," असे म्हणणारेही भेटतात. असेल. परंतु कालवारीच्या वाटेवर ख्रिस्ताचा क्रूस उचलायला कुरेनेकर शिमोनाला पुढे आणावे लागले. क्रूसाची भाषा बोलणाऱ्याने खांदा देण्याची तयारी ठेवूनच बोलावे.

आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याला रविवारच्या मिस्सेच्या बंधनातून ख्रिस्तसभा सूट देते. ही सूट योग्यच आहे. मात्र वर्षभर चर्चचे तोंड न पाहिलेल्या सुनेला सूट नको असते. तिला मिस्सा हवी असते. तिच्या सासूजवळ तासभर बसायला कुणी गेले तर तिला ती मिळेल. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली जुलैच्या चौथ्या रविवारी आजीआजोबांचा जागतिक दिवस सुरू केला. आमच्याकडे त्या दिवशी गुलाबाची फुले वाटली जातात, छायाचित्रे काढली जातात. जे स्वतःच्या पायांनी चर्चमध्ये येऊ शकतात अशाच आजीआजोबांची ही छायाचित्रे असतात.

पैशाचे कारण आम्ही ऐकून घेणार नाही. ज्या धर्मग्रामांना सणाच्या रोषणाईला, वाद्यवृंदाला आणि मांडवाला पैसा सापडतो त्यांना तो ह्या कामाला सापडत नाही, हे पटणारे नाही. आणि मुळात ह्या कामाला पैसा फारसा लागतच नाही. फ्रेडरिक ओझानम ह्यांनी आपल्या मित्रांसह १८३३ साली पॅरिसमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी स्थापन केली ती घरोघरी जाऊन गरजवंतांना भेटण्यासाठीच. त्या सोसायटीच्या शाखा आपल्याकडे आहेत, महिला मंडळे आहेत, लहान ख्रिस्ती समूह आहेत, आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेणारे सेवक आहेत. हे सेवक त्या बंद दारांतून आत जातच असतात. घरात काय चालले आहे ते त्यांना दिसते. दिसलेले नेमक्या माणसाला सांगायचे आणि बाकी कुणाला सांगायचे नाही, एवढी शिस्त मात्र त्यांना शिकवावी लागेल. आमच्या गावांत बातमी एका अळीतून दुसऱ्या अळीत जायला मिस्सा संपेपर्यंतही वेळ लागत नाही.

धर्मग्राम परिषदेने ह्या कामासाठी दोन माणसे नेमावीत, शक्य तर एक निवृत्त परिचारिका आणि एक निवृत्त शिक्षक किंवा बँकेतला माणूस. त्यांनी दूरध्वनी क्रमांक, रुग्णालयांचे वार, योजनांचे अर्ज जमवून ठेवावेत; अर्ज त्यांनी भरावेत आणि सहीपुरते घरी न्यावेत. रुग्णालयात जायच्या दिवशी गाडी असलेल्या घराने गाडी द्यावी. आठवड्यातून एक दुपार चर्चचे सभागृह ह्या आजाऱ्यांसाठी उघडे ठेवावे. तिथे जुनी गाणी, जपमाळ, शेंगा सोलणे, काहीही चालेल. आणि ज्यांना घराबाहेर आणता येत नाही त्यांच्याकडे जाणाऱ्यांची पाळी लावावी. पाळी ठरली की ती मोडू नये. ठरल्या वेळी न येणारा मदतनीस हा मदत नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर ती बाई दाताच्या डॉक्टरांची वेळ घेऊन बसलेली असते.

बहुतेक धर्मग्राम परिषदांच्या सभा महिना-दोन महिन्यांनी होतात. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर सणाचा हिशेब असेलच. त्याच्या आधी हा विषय घ्यावा. मागाहून ठेवला की सदस्य घड्याळ पाहू लागतात.