वर्ध्याच्या मातीतले ख्रिस्ती ध्यान

ख्रिस्ती धर्म म्हटला की मिशनचा दवाखाना आठवतो, कॉन्व्हेंट शाळा आठवते, नाताळचा केक आठवतो. तासन्‌तास गप्प बसून देवाशी सलगी साधणारी परंपराही त्या धर्मात आहे, हे सहसा कुणाच्या गावीही नसते. या परंपरेचे धागे वर्ध्यापर्यंत पोचले होते, याची आठवण तर वर्धेकरांनाही करून द्यावी लागेल.

चौदाव्या शतकातल्या एका अनामिक इंग्रज साधकाचा ‘द क्लाउड ऑफ अननोइंग’ हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्याची रीत साधी आहे. ‘देव’ किंवा ‘प्रेम’ असा एखादा छोटा शब्द धरायचा आणि मनात येणारा प्रत्येक विचार, अगदी पुण्याचा विचारसुद्धा, बाजूला सारायचा. नामस्मरणात वाढलेल्या वारकऱ्याला हे फोड करून सांगावे लागणार नाही.

पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातले व्हेरियर एल्विन यांनी 1930 मध्ये याच ग्रंथावर ‘ख्रिश्चन ध्यान’ हे पुस्तक लिहिले. ते ध्यानात रमून मठात बसले नाहीत. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी त्यांचे लक्ष गोंडांकडे वळवले आणि 1932 मध्ये ते शामराव हिवाळे यांच्यासह मंडल्याच्या जंगलात राहायला गेले. नागपूरच्या बिशपांनी ब्रिटिश राजनिष्ठेची शपथ मागितली, ती त्यांनी नाकारली. पुढे चर्चही सोडले.

वर्ध्यातच मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा होते. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचा कारभार या ख्रिस्ती अर्थतज्ज्ञाच्या हाती होता. तेलघाणी, हातकागद, गूळ यांत बुडालेल्या या माणसाने जबलपूरच्या तुरुंगात दोन पुस्तके लिहिली: एक टिकाऊ अर्थव्यवस्थेवर, दुसरे येशूच्या आचार-विचारांवर. एकाच कोठडीत, एकाच लेखणीने. त्यांच्या लेखी हे दोन विषय वेगळे नव्हतेच.

सेवाग्रामात नयी तालीम या शिक्षणपद्धतीचे काम करणाऱ्या मार्जोरी साइक्स क्वेकर होत्या. क्वेकरांच्या पारंपरिक उपासनेत पाद्री नसतो, प्रवचन नसते. सगळे एकत्र शांत बसतात. कुणाला आतून काही उमगलेच तर तो उठून चार शब्द बोलतो, नाहीतर तास तसाच सरतो. विनोबा भावे यांच्या आठवणींचे ‘मूव्ह्ड बाय लव्ह’ हे इंग्रजी रूप याच मार्जोरीबाईंनी सिद्ध केले.

विनोबांनी स्वतः बायबलचा कसून अभ्यास केला, ‘ख्रिस्तधर्म-सार’ काढले. पवनारच्या आपल्या आश्रमात त्यांनी वर्षभराचे मौन सुरू केले ते 25 डिसेंबर 1974 रोजी, नाताळच्या दिवशी.

पण या मौनाची दुसरी बाजूही पाहिलीच पाहिजे. ते चालू असतानाच जून 1975 मध्ये आणीबाणी आली. ‘अनुशासन पर्व’ हे विनोबांचे शब्द सरकारने मिरवले आणि ‘सरकारी संत’ अशी टीका त्यांच्या वाट्याला आली. देवाजवळ गेलेला माणूस बाहेरच्या अन्यायाबद्दल काय करतो, हा प्रश्न कुणालाच चुकत नाही. एल्विन आणि कुमारप्पा यांनी त्याचे उत्तर सत्तेला नकार देऊन दिले, म्हणून ते आज अधिक जवळचे वाटतात.

सध्या ध्यान म्हणजे ताण घालवायचे औषध होऊन बसले आहे. मोबाइलवर दहा मिनिटांत मनःशांती मिळते, शिबिरांना पॅकेज असतात. ख्रिस्ती ध्यानपरंपरा मात्र मनःशांतीची हमी देत नाही. स्पेनचे संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी तर या वाटेवरच्या काळोख्या रात्रीचेच वर्णन केले आहे. देवाशी सलगी हवी, पण तिची किंमत नको, असा सौदा तिथे नाही.

वर्ध्यात ही चर्चा पुन्हा सुरू करायला फारसा खर्च नाही. जिल्ह्यातली चर्च आणि सेवाग्राम-पवनारचे आश्रम यांनी यंदाच्या नाताळात एक तास एकत्र मौन पाळावे, मग ‘ख्रिस्तधर्म-सार’ आणि कुमारप्पांची तुरुंगातली पुस्तके समोर ठेवून बोलावे. वाद होतील. कापसाच्या भावापासून धर्मांतरापर्यंत विषय निघतील, आणि ते निघालेच पाहिजेत.