कादंबरी, टूल्स आणि विहीर

कादंबरी लिहायला कुठलं ऑनलाइन टूल घ्यावं, असं विचारलं की लोक पात्रांचे फॉर्म भरून घेणारी टूल्स सुचवतात. नायिकेचा आवडता रंग वगैरे. मला विचाराल तर हे फॉर्म म्हणजे न लिहिण्याची उत्तम सोय!

खरी अडचण वेगळीच असते. तिसऱ्या प्रकरणात विहीर आटली होती की नव्हती, हे विसाव्या प्रकरणात आठवायला हवं. इंग्रजीत लिहिणाऱ्याचं सर्चवर बरंचसं भागतं. आपलं नाही. 'विहीर' शोधलं तर 'विहिरीत' सापडत नाही, 'पाऊस' शोधला तर 'पावसात' निसटतो. सामान्यरूप होताना शब्दच बदलतो, आणि सर्च बिचारा नुसती अक्षरं जुळवतो.

म्हणून लिहायला गूगल डॉक्स पुरे. जुनी आवृत्तीही परत मिळते. शेजारी गूगल शीट्समध्ये एक तक्ता ठेवा. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ: प्रकरण, दिवस, ठिकाण, वस्तू, कोण हजर, काय बदललं. नावं मूळ रूपातच लिहा, म्हणजे सर्च चालतो. 'काय बदललं' हा रकाना रिकामा राहिला, तर तो प्रसंग हवाच का, ते बघा.

आणि दर आठवड्याला सगळं आपल्या मशीनवर उतरवून घ्या. नोव्हेंबरात ५०,००० शब्द लिहायला लावणारा नॅनोरायमो १९९९ साली सुरू झाला. २०२५ साली ती संस्था बंद होत असल्याचं जाहीर झालं. साइट्स जातात, कादंबरी राहिली पाहिजे.

असो. तक्त्याने कादंबरी होत नाही, पण विहिरीचं पाणी तरी जागेवर राहतं. बघा पटतंय का.