नोंद आणि गोळी

अंकेक्षणाच्या तासाला आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी एक गोष्ट शिकतो: वहीतली नोंद तपासणे वेगळे आणि गोदामात जाऊन माल मोजणे वेगळे. मला हा धडा पुस्तकाआधी गोडादऱ्यात मिळाला.

गोडादरा हा सुरतचा भाग. खानदेशातून पोटासाठी गेलेली मराठी कुटुंबे तिकडे पुष्कळ. माझे मामाही तिथे यंत्रमागावर काम करतात. २०१९ च्या उन्हाळ्याच्या सुटीत मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांना क्षयाचे औषध चालू होते. पाकिटातून गोळी काढली की मागे दडलेला फोन क्रमांक दिसे. त्यावर फुकट फोन केला की त्या दिवसाचे औषध घेतल्याची नोंद संगणकात होई. या पद्धतीचे नाव ‘९९ डॉट्स’. मामा गोळ्या काढीत, फोन मी लावीत असे. एकही दिवस चुकला नाही.

पुढे ताप उलटला, आणि देवाच्या फोटोमागील डब्यात ११ दिवसांच्या गोळ्या सापडल्या. रिकाम्या पोटी औषध घेतले की मळमळे. पाळी बुडाली की मजुरी बुडे. त्या खोट्या नोंदीत माझाही हात होता! औषध पुन्हा सुरू होऊन मामा बरे झाले, हे नशीब.

मग यंत्र टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. सहा महिने रोज दवाखान्यात जाणे मजुराला परवडत नाही. पण मुंबई, चेन्नई येथील केंद्रांतील रुग्णांच्या घरी न सांगता जाऊन लघवी तपासली गेली, तेव्हा तपासणी आणि फोनची नोंद पुष्कळदा जुळली नाही. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. कोणी फोन करून गोळी टाळली होती, तर कोणी गोळी घेऊन फोन केला नव्हता.

२०२१ पासून देशभर प्रत्येकाला १४ आकडी आरोग्य क्रमांक देण्याची योजना सुरू आहे. नोंदी वाढतच जाणार. म्हणून माझे मत असे की, ज्यांच्या नोंदी कोऱ्या आहेत त्यांच्याकडे तर जावेच; पण हिशेब तपासनीस करतो तशी चोख नोंदींचीही नमुना तपासणी व्हावी. क्षयरुग्णाला आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये मिळतात. हे पैसे वेळेवर पोहोचले का, हेही त्याच भेटीत पाहावे.

गोळी घेतली का, हे यंत्र विचारील. जेवलात का, हे माणसानेच विचारले पाहिजे.