विश्लेषण : गेममधल्या वॉटर्लूचे टेकाड कुठे गेले?

१८ जून १८१५. दुपारचे चार वाजत आले होते. फ्रेंच मार्शल ने याने हजारो घोडेस्वार समोरच्या टेकाडावर सोडले. शत्रू मागे हटतो आहे, असा त्याचा समज झाला होता. घोडदळ माथ्यावर पोहोचले तेव्हा पलीकडच्या उतारावर ब्रिटिश आणि त्यांच्या मित्रांच्या पलटणी संगिनी रोखून चौकोनांत उभ्या होत्या. पुढचे दोन तास हे घोडदळ त्या चौकोनांवर आदळत राहिले, पण चौकोन फुटले नाहीत.

आज हीच लढाई लॅपटॉपवर खेळणारा मुलगा माऊसचे चाक दोनदा फिरवतो आणि टेकाडामागचा एकेक चौकोन त्याला दिसतो. तो घोडदळ पाठवत नाही, तोफा पुढे आणतो. लढाई जिंकतो आणि वर म्हणतो, ‘हा ने मूर्खच होता.’

नेपोलियनच्या काळातल्या लढायांवरचे गेम खेळणाऱ्यांमध्ये अचूकतेवरून कायम वाद झडतात. कोणत्या पलटणीच्या कोटाची कॉलर कोणत्या रंगाची होती, यावर पानेच्या पाने लिहिली जातात. जमिनीबद्दल त्या मानाने फार कमी बोलले जाते. वॉटर्लूचा निकाल लावण्यात कॉलरचा काही वाटा नव्हता. जमिनीचा मात्र फार मोठा होता.

टेकाडात एवढे काय होते?

बेल्जियममधल्या या रणभूमीवर डोंगर नाहीत. दोन लांबट, बुटकी टेकाडे समोरासमोर आहेत आणि मध्ये उथळ दरी. एका माथ्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर साधारण सव्वा ते दीड किलोमीटर. दक्षिणेकडे नेपोलियन, उत्तरेकडे वेलिंग्टन. वेलिंग्टनने बरेचसे सैन्य माथ्यावर न ठेवता मागच्या उतारावर ठेवले होते. त्यामुळे फ्रेंच तोफांना नेम धरायला लक्ष्यच दिसत नव्हते. शिवाय किती सैन्य आहे आणि ते कुठून कुठे हलते आहे, हेही कळत नव्हते.

हा उतार पाहुण्याच्या नजरेत भरतही नाही, इतका सौम्य आहे. पण झोपलेला माणूस दिसेनासा व्हायला दोन-तीन मीटरचा फरक पुरतो. गेमच्या नकाशात नेमके हेच दोन-तीन मीटर हरवतात. षटकोनी घरांच्या जुन्या पद्धतीच्या गेममध्ये अख्ख्या घराला एकच उंची दिलेली असते, त्यामुळे घराच्या आतला चढउतार गायब. २०१० साली आलेल्या ‘नेपोलियन: टोटल वॉर’सारख्या देखण्या गेममध्ये अडचण वेगळी आहे. प्रत्यक्षात दोन लाखांच्या आसपास माणसे ज्या मैदानावर लढली, तिथे पडद्यावर काही हजारच असतात. म्हणून मैदानही आवळावे लागते. मैदान आवळले की उतार एकतर उभे होतात, नाहीतर सपाट. घोडदळाने चिखलातून कापलेले अंतर अर्ध्या मिनिटाचे होऊन जाते.

अंतर आवळणे मला क्षम्य वाटते. पलटण दरी ओलांडते आहे, हे वीस मिनिटे पाहत बसायला कोणी पैसे मोजणार नाही. उताराच्या बाबतीत मात्र ही सवलत देता येत नाही.

मग उपग्रहाचा नकाशा घेतला तर?

हल्ली जगातल्या कोणत्याही जागेची उंची दाखवणारा डेटा सहज मिळतो. तो गेममध्ये ओतला की ‘खऱ्या भूगोलावर आधारित’ अशी जाहिरात करता येते. वॉटर्लूच्या बाबतीत ही जाहिरात अर्धीच खरी ठरेल, कारण ती जमीनच आता राहिलेली नाही.

लढाईनंतर काही वर्षांनी नेदरलँड्सचा राजा पहिला विल्यम याने तिथे स्मारक उभारायचे ठरवले. त्याचा मुलगा, ऑरेंजचा राजपुत्र, जिथे जखमी झाला होता असे मानले जाते, तिथे सुमारे ४० मीटर उंचीचा मातीचा ढीग रचून त्यावर लोखंडी सिंह बसवला गेला. हे काम १८२६ मध्ये संपले. या ढिगाला लागणारी लाखो घनमीटर माती आणली कुठून? तर वेलिंग्टनच्याच टेकाडावरून. ज्या माथ्याने त्याचे सैन्य झाकले होते, त्याचा मधला भाग खरवडून स्मारकात गेला. हे पाहून ‘माझी रणभूमीच बदलून टाकली’ अशा अर्थाचे उद्गार वेलिंग्टनने काढले, अशी आख्यायिका आहे. काढले असतील तर त्याचे काही चुकले नाही.

आणखीही बरेच गेले आहे. वेलिंग्टन ज्या एल्मच्या झाडाजवळ बराच वेळ उभा होता, ते आठवणीदाखल तुकडे तोडून नेणाऱ्या पर्यटकांमुळे खिळखिळे झाले. १८१८ मध्ये ते तोडले गेले आणि त्याच्या लाकडाच्या खुर्च्या बनल्या. उगूमाँ या वाडेवजा शेतघराच्या दक्षिणेला दाट झाडी होती. त्या झाडीतून बाहेर पडलेल्या फ्रेंच शिपायांना अचानक बागेची उंच भिंत आणि तिच्या भोकांतून रोखलेल्या बंदुका सामोऱ्या आल्या. ती झाडी आज नाही. उपग्रहाच्या चित्रात तिथे मोकळे शेत दिसते. त्यावरून नकाशा बनवणारा माणूस फ्रेंचांना ती भिंत दुरूनच दाखवून टाकेल आणि उगूमाँच्या झुंजीतला अर्धा अर्थ निघून जाईल.

म्हणजे मोजमाप काटेकोर, पण दोनशे वर्षे उशिराचे. त्यापेक्षा त्या काळच्या मोजणीदारांची कागदपत्रे जास्त उपयोगी आहेत. ब्राबाँट प्रांतातला अभियंता क्रान याने १८१६ मध्येच, म्हणजे टेकाड खरवडले जाण्यापूर्वी, या रणभूमीचा तपशीलवार नकाशा प्रसिद्ध केला होता. जुने नकाशे आजच्या उंचीच्या आकड्यांवर बसवायला वेळ लागतो. चांगल्या गेममध्ये तो वेळ दिलेला जाणवतो.

हा वाद संगणकाबरोबर आला का?

मुळीच नाही. युद्धाच्या खेळाचा उगमच जमिनीच्या अचूकतेत आहे. प्रशियातल्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८१२ मध्ये राजाला युद्धखेळासाठी एक खास मेज करून दिले. त्यावर टेकड्या, नद्या, गावे अशा सोंगट्या मांडून हवा तो प्रदेश उभा करता येई. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये पुढचे पाऊल टाकले. काल्पनिक प्रदेश सोडून त्याने मोजणी केलेल्या जमिनीचे, १:८००० प्रमाणाचे लष्करी नकाशे घेतले. प्रशियाच्या सेनेने हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. त्याला पाठिंबा देणारा सेनाप्रमुख म्युफलिंग हा वॉटर्लूच्या दिवशी प्रशियाचा प्रतिनिधी म्हणून वेलिंग्टनबरोबर होता. टेकाडामागे काय लपू शकते, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्याहून बोलकी गोष्ट विल्यम सिबोर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याची. लढाईची प्रतिकृती बनवण्यासाठी तो १८३० मध्ये रणभूमीवरच्या ला हे सँत या शेतघरात आठ महिने राहिला आणि शेत न् शेत मोजले. लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून संध्याकाळी सात वाजता कोण कुठे होते, शेतात कोणते पीक होते, हेही विचारले. मधेच सरकारने पैसे थांबवले, तेव्हा त्याने स्वतःच्या खिशाला खार लावून काम पुरे केले. १८३८ मध्ये ७० हजारांहून अधिक इवले शिपाई असलेली ती प्रतिकृती लंडनमध्ये प्रदर्शित झाली. प्रशियाचे सैन्य त्या वेळेपर्यंत रणभूमीवर इतके आत आले असल्याचे दाखवणे ब्रिटिश लष्करातल्या वरच्या मंडळींना रुचले नव्हते. अखेर सिबोर्नने प्रशियाचे हजारो शिपाई प्रतिकृतीवरून काढून टाकले. जमिनीच्या मापात कसूर नव्हती, पण तिच्यावर कोणाला उभे करायचे हे दुसऱ्यांनी ठरवले. ही प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

नकाशाच्या कडेपलीकडे काय?

प्रशियाचाच विषय निघाला आहे म्हणून सांगतो. अनेक गेममध्ये ठरलेल्या मिनिटाला नकाशाच्या उजव्या कडेवर निळे झेंडे प्रकटतात. प्रत्यक्षात ब्ल्यूखरच्या या सैन्याची पहिली फळी नेपोलियनला दुपारी एकच्या सुमारास दूरवर दिसली आणि तिने हल्ला सुरू केला साडेचारच्या आसपास. मधले अंतर थोडक्या किलोमीटरांचे. तरी एवढा वेळ लागला तो लान ओढ्याच्या खोलगट, चिखलाने भरलेल्या खोऱ्यामुळे. आदल्या रात्रभर कोसळलेल्या पावसाने तिथे तोफा चाकांच्या आसापर्यंत रुतत होत्या. वॉटर्लूतला कदाचित सर्वांत महत्त्वाचा भूभाग हा, आणि गेमच्या नकाशात बहुधा त्याला जागाच नसते.

त्याच पावसाने इकडेही परिणाम केला. तोफेचा गोळा कोरड्या, टणक जमिनीवर टप्पे घेत जातो आणि रांगाच्या रांगा कापतो. ओल्या मातीत तो रुतून बसतो. नेपोलियनने लढाई दुपारच्या तोंडावर सुरू केली त्याचे एक कारण हे सांगितले जाते, जरी त्याचे सगळे सैन्य सकाळी जागेवर पोहोचलेलेच नव्हते, हेही तितकेच खरे. शेतांत राय नावाचे धान्य उभे होते आणि ते आजच्या बुटक्या वाणांसारखे नव्हते. माणसाच्या खांद्यापर्यंत, काही ठिकाणी डोक्याइतके उंच होते. दोन दिवस आधी कात्र ब्राच्या लढाईत या पिकात लपलेले शिपाई अगदी जवळ येईपर्यंत दिसले नव्हते. गेममध्ये शेत म्हणजे बहुतेकदा जमिनीवर पसरलेला पिवळा गालिचा.

उलट दिशेची चूकही होते. व्हिक्टर ह्यूगोने ‘ले मिझराब्ल’ या कादंबरीत फ्रेंच घोडदळ एका खोल, आडव्या रस्त्यात कोसळून गाडले गेल्याचे वर्णन केले. तिथे खोलगट रस्ता होता, पण घोडदळ गिळणारी दरी नव्हती. ऑस्टरलिट्झचे तसेच. १८०५ च्या त्या लढाईत गोठलेल्या तळ्यांचा बर्फ फुटून हजारो रशियन बुडाल्याचे नेपोलियनच्या पत्रकाने जाहीर केले. नंतर तळी उपसल्यावर माणसांचे मृतदेह अगदी मोजके निघाले. असे प्रसंग पडद्यावर झकास दिसतात, म्हणूनच ते नकाशात शिरतात.

असईचा उतारा

या वेलिंग्टनने जमीन वाचण्याचे धडे गिरवले ते आपल्याकडे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईजवळ, तेव्हाचा आर्थर वेलस्ली शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्यासमोर आला. मध्ये केळणा नदी. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. त्याला दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. एवढी जवळची गावे आणि मध्ये ये-जा नाही, असे कसे होईल, असा तर्क त्याने केला. उतार निघाला. मग शिंद्यांच्या कवायती कंपूंनी, पोलमन या जर्मन सरदाराच्या हुकमाने, आपली संपूर्ण फळी फिरवून दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या जागेत त्याला गाठले. वेलस्लीने लढाई जिंकली, पण त्याच्या फौजेतली १,५०० हून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली.

ही लढाई गेममध्ये मांडायची, तर नदीवर फिकट निळा पट्टा काढून ‘उतार’ दाखवायचा, ही रूढ पद्धत. त्याने नकाशा चुकत नाही, पण वेलस्लीला जे ओळखावे लागले ते खेळणाऱ्याला आयते मिळते. पट्टा दाखवण्याऐवजी दोन गावे दाखवा आणि घोडेस्वार पाठवून पाहू द्या.

हे करता येते, असे दाखवणारे गेम आहेत. वॉटर्लूच्या द्विशताब्दीला, २०१५ मध्ये आलेल्या ‘स्कर्ज ऑफ वॉर: वॉटर्लू’मध्ये कॅमेरा सेनापतीच्या घोड्याला बांधून ठेवण्याचा पर्याय आहे. तो उभा आहे तिथून जे दिसते तेवढेच तुम्हाला दिसते आणि हुकूम स्वाराकरवी पाठवावे लागतात. चित्रे साधी आहेत, शिकायला वेळ लागतो, अनेक जण कंटाळून सोडतात. पण हा पर्याय निवडून टेकाडाकडे पाहिले की समोर धूर, पीक आणि रिकामा माथा यांपलीकडे काही दिसत नाही. मार्शल नेला मूर्ख म्हणण्याआधी एकदा तिथे उभे राहावे.

मोठ्या कंपन्यांकडून माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. लढाई सुरू होण्याआधीच्या पडद्यावर चार ओळी द्या : हा नकाशा कोणत्या काळच्या मोजणीवरून केला, किती आवळला, काय गाळले. आणि सेटिंगमध्ये कॅमेरा जमिनीवर आणण्याचे एक बटण. सध्या बहुतेक खेळणाऱ्यांना वॉटर्लू दिसते ते सिंहाच्या ढिगाऱ्याच्या २२६ पायऱ्या चढून गेलेल्या पर्यटकाला दिसते तसे. १८१५ मध्ये तो ढिगारा तिथे नव्हताच.