डब्यातला रातकिडा

कॉम्प्युटर सुरू केला की मागून 'चींऽऽ' असा बारीक आवाज येतो, असं तुमच्याकडे कधी झालंय? तुम्ही म्हणता, "बाबा, ऐका ना!" बाबा म्हणतात, "कुठे? काहीच नाही." आणि आजोबा हसून म्हणतात, "माले काहीच ऐकू येत नही रे भो!"

खोटं कुणीच बोलत नाही बरं का! माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचे आवाज ऐकू येतात. वय वाढतं तसे आधी अगदी बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. म्हणून या रातकिड्याचा शोध घरात तुम्हालाच घ्यायचा आहे. पण फक्त कानांनी!

हा आवाज बरेचदा पॉवर सप्लायमधून येतो. विजेची मोठी वायर कॉम्प्युटरच्या मागे जिथे खोचतात, तो पत्र्याचा डबा म्हणजे पॉवर सप्लाय. घरात वीज येते २३० व्होल्टची आणि कॉम्प्युटरला लागते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. ती कमी करून देणं हे या डब्याचं काम. त्यात आवाज करणारे दोघे जण: पंखा आणि तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल.

आवाज घरघर किंवा खरखर असेल, तर संशय पंख्यावर. आपल्या जळगाव-धुळ्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहेच. पारा चाळिशीच्या पार! तेव्हा पंख्याला जास्त जोरात फिरावं लागतं. त्यात धूळ, आणि जिनिंगजवळ घर असेल तर कापसाचे तंतू. ते पात्यांवर बसतात, बेअरिंगमधलं वंगण वाळतं आणि पंखा कुरकुरतो. सुरू करताना आवाज मोठा आणि थोड्या वेळाने कमी, ही बेअरिंग झिजल्याची खूण. वहीच्या कागदाची पट्टी मागच्या जाळीसमोर धरा. फडफडली तर वारा येतोय. काही नव्या सप्लायमध्ये हलकं काम असताना पंखा मुद्दाम थांबलेला असतो. पण डबा तापलाय आणि तरीही वारा नाही, तर कॉम्प्युटर लगेच बंद करायचा.

आवाज बारीक शिट्टीसारखा असेल, तर संशय कॉइलवर. गावातली डीपी 'हूंऽऽ' करते, ते ऐकलंय ना? आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. दर आवर्तनात डीपीतल्या लोखंडाला चुंबकाचे दोन हिसके बसतात. म्हणजे सेकंदाला १०० थरथरी, तोच तो हुंकार. पॉवर सप्लायमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. एसटीच्या खिडकीची सैल काच खडखडते, तशी सैल कॉइल थरथरते. एरवी हा आवाज आपल्या कानांच्या पलीकडचा असतो. पण काम हलकं असलं किंवा एकदम बदललं, की तो ऐकू येण्याइतका खाली उतरतो. गेम सुरू करताच शिट्टीचा सूर बदलला, तर चोर बहुधा कॉइलच. ती ग्राफिक्स कार्डातलीही असू शकते. ही शिट्टी त्रास देते, पण सहसा धोक्याची नसते. वस्तू नवी असेल तर वॉरंटीत बदलून मिळेल का, ते दुकानात विचारावं.

लाइट गेल्यावर, यूपीएसवर चालतानाच आवाज येतो का? मग यूपीएसवर संशय घ्या. बॅटरीवर असताना काही यूपीएसची वीज ओबडधोबड असते आणि त्यामुळे सप्लाय गुणगुणतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॉवर सप्लायचा डबा उघडायचा नाही! तुम्हीही नाही आणि बाबांनीही नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ किंवा त्याहूनही जास्त व्होल्ट साठलेले असतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ टिकतात. त्याचा झटका जिवावर बेतू शकतो. पंखा थांबवायला जाळीतून पेन्सिल घालणं किंवा तेलाचे थेंब सोडणं, हेही नको. जळका वास, तडतड किंवा धूर आला, तर भिंतीवरचं बटण बंद करा आणि मोठ्यांना हाक मारा.

मग घरी करायचं काय? मोठ्यांच्या मदतीने वायर काढून बाहेरची जाळी कोरड्या ब्रशने झाडा. डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. आईने हौसेने भरलेला रुमाल कॉम्प्युटर चालू असताना त्यावर नको. आणि वहीत तीन ओळी लिहा: आवाज कधी येतो, कसा येतो, कशाने बदलतो.

दुरुस्तीवाल्या काकांना हा कागद दाखवा. त्यांच्या कानांना शिट्टी ऐकू आली नाही, तरी तुमच्या तीन ओळींवरून त्यांना चोर सापडेल!