पासबुक कोणाच्या हाती?

आजच्या किशोरवयीनांविषयी आजोबांचा आक्षेप उधळपट्टीचा, वडिलांचा मोबाईलचा, तर नुकत्याच नोकरीस लागलेल्या थोरल्या भावाचा लाडांचा. तिघांचे एकमत एवढेच, की मुलांच्या हाती पैसा नको. रिझर्व्ह बँकेने मात्र १० वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः चालविण्याची मुभा २०१४ मध्येच दिली. २०२५ च्या सुधारित सूचनांतही ती कायम आहे. रकमेची मर्यादा बँक ठरवते आणि शिलकीपेक्षा अधिक काढता येत नाही. म्हणजे चूक घडली तरी ती शिलकीपुरतीच. जबाबदारी सोपविल्यावाचून ती अंगी कशी बाणावी? तेव्हा घरच्यांनी मुलाकडे खर्चाचा जाब मागण्यापूर्वी त्याला पासबुकातील नोंदी वाचावयास शिकवावे. केवळ संशयाने कोणीही काटकसरी झालेले नाही.